सर पहिल्यांदा उशिरा पोचले

शाळेची घंटा झाली की सर जिन्यातच शिकवायला सुरुवात करत. वर्ग दुसऱ्या मजल्यावर होता. पण घंटेनंतरचा वेळ मुलांच्या मालकीचा, तो आपण पायऱ्या चढण्यात घालवायचा नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे नववीच्या मुलांना प्रमेयाचा पहिला भाग सहसा ऐकायलाच मिळत नसे. तो जिन्यातल्या कबुतरांना मिळायचा. सर दारातून आत शिरत ते "म्हणून हे दोन्ही कोन समान" असं म्हणतच. तास संपल्याची घंटा झाली की वाक्य असेल तिथे तुटायचं. सोमवारी "त्रिकोणाच्या कोणत्याही दोन बाजूंची बेरीज" एवढ्यावर घंटा झाली, तर मंगळवारी जिन्याच्या पहिल्या पायरीवर "तिसऱ्या बाजूपेक्षा मोठी असते" हे ऐकू यायचं.

घाटकोपरला भटवाडीत आमची मराठी शाळा होती. मी तिथे मराठी शिकवायचे. सर गणिताचे, माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठे. उंच, सडसडीत, चालताना थोडे पुढे झुकलेले, जणू शरीराच्या आधी डोकं पोचलं पाहिजे.

त्यांना घरी बोलावणं म्हणजे संकट. एकदा माझ्याकडे सत्यनारायण होता. मी सगळ्यांना "पाच वाजता या" म्हणाले होते. मुंबईत पाच म्हणजे साडेसहा, हे सांगावं लागत नाही. पाचला बेल वाजली तेव्हा मी साडी वर खोचून फरशी पुसत होते आणि नवरा चौरंग धुऊन गॅलरीत वाळत घालत होता. दारात सर.

"बाई, पाच म्हणाला होतात ना?"

"हो सर, या ना, बसा. अजून जरा..."

सर बसले नाहीत. गॅलरीत गेले, त्या ओल्या चौरंगाला नमस्कार केला, "प्रसाद उद्या शाळेत आणा," म्हणाले आणि गेले. सहाला त्यांना दुसरीकडे बारशाला जायचं होतं. तिथेही बाळ झोपलेलंच असणार, याची मला खात्री होती.

त्यांच्या या वेडाची खरी झळ बसली ती वहिनींना, सरांच्या बायकोला. वहिनी कणकवलीकडच्या. लग्न होऊन मुंबईत आल्या तेव्हा, त्यांच्याच शब्दांत, "उन्हां बघून जेवणारी माणसां आमी." सरांनी त्यांना पहिल्या महिन्यातच घड्याळाला जुंपलं. सिनेमाला जायचं तर सर खाली जाऊन उभे राहत आणि ठरल्या वेळेला चालू लागत. वहिनी केसात गजरा माळत मागून पळत सुटायच्या. अशी तीसेक वर्षं त्या पळाल्या. शेवटी त्याही तशाच झाल्या. पाहुण्यांना निघायला उशीर झाला तर दाराशी चपला सरळ करून ठेवणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

मग आमच्या शाळेची पटसंख्या उतरत उतरत गेली आणि शाळा बंद झाली. त्याच वर्षी सर निवृत्त झाले. मी मुलुंडला राहते. तिथेच आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावरच्या खोलीत मी दहावीचे क्लास सुरू केले. सर घरी बसले. म्हणजे बसले नाहीत, हाच प्रश्न होता. एका दुपारी वहिनी माझ्याकडे आल्या आणि पंख्याखाली टेकल्या.

"गो बाय, निवृत्त झाल्यावर लोकांका देव आठवता. आमच्या ह्यांका कुकर आठवलो. शिट्ट्ये मोजूक समोर उभे ऱ्हवतत. भांडीवाली पळाली. आता मियाच धाडतलंय तेंका खंय तरी."

मला वाटलं, गावी धाडतील. पण त्यांच्या समोरच्या बिल्डिंगमध्ये शहाभाई म्हणून गृहस्थ राहत. घाटकोपरच्या अर्ध्या गुजराती कुटुंबांसारखे त्यांचेही नातेवाईक आफ्रिकेत होते. त्यांचा एक चुलत भाऊ टांझानियात, मोठ्या सरोवराकाठच्या एका गावात शाळा चालवायचा आणि त्याला गणिताचा शिक्षक मिळत नव्हता. वहिनी शहाभाईंकडे गेल्या काय, बोलल्या काय, आणि दोन महिन्यांत सर विमानतळावर उभे. विमान उशिरा सुटणार असं कळलं तेव्हा त्यांनी काउंटरवरच्या मुलीला जे ऐकवलं, ते ऐकून आम्हाला तिची दया आली. आम्ही सगळे मनात म्हणालो, आता टांझानियाचं काही खरं नाही.

तिकडे काय झालं ते सरांनी मला नंतर सांगितलं.

पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी हेडमास्तर त्यांच्या खोलीवर आले. थोराड, हसरे गृहस्थ. म्हणाले, "उद्या तीन वाजता तुमच्या स्वागताची सभा आहे." सरांनी दुसऱ्या दिवशी कडक इस्त्रीचा शर्ट घातला, गावातून चालत निघाले आणि तीनला पाच कमी असताना शाळेच्या फाटकात हजर झाले. आत आंब्याचं मोठं झाड. त्याखाली बाकं मांडलेली. बाकांवर सगळे शिक्षक, गावातली चार म्हातारी माणसं, पाच-सहा बायका. कुणी पेंगतंय, कुणी शेंगा सोलतंय, एक बाई दुसरीची वेणी घालतेय. सर खूश झाले. काय लोक आहेत! आपल्या आधी येऊन बसलेत.

हेडमास्तर उठले, सरांचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाले, "आलात! बरं झालं."

मग शेजारच्या तरुण शिक्षिकेनं हळूच खुलासा केला. तिथे दिवस उजाडला की तास मोजायला लागतात. आपले सात म्हणजे त्यांचा एक. त्यांचे तीन म्हणजे आपले सकाळचे नऊ. हेडमास्तरांनी त्यांच्या घड्याळातले तीन सांगितले होते. पाहुण्याचं घड्याळ वेगळं असेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. ही सगळी मंडळी सकाळी नऊपासून आंब्याखाली बसून होती.

"बाई," सर मला म्हणाले, "मी आयुष्यात कधी पाच मिनिटं उशीर केला नव्हता. आणि तिथे एकदम सहा तास! मला वाटलं, जमीन दुभंगावी. मी माफी मागायला लागलो तर ते विचारतात, कशाबद्दल? मी म्हटलं, तुम्ही एवढा वेळ थांबलात. तर म्हणतात, मग काय करणार? सभा तुमची होती. तुमच्याशिवाय कशी सुरू करायची?"

"कुणी बोलवायला का नाही आलं?"

"एकजण आला होता म्हणे. खिडकीतून पाहिलं तर मी झोपलेलो. प्रवासाचा शीण ना. त्यानं परत जाऊन सांगितलं, मास्तर झोपलेत. सगळे म्हणाले, झोपू दे."

मग म्हणाले, "मी एवढी वर्षं सगळीकडे वेळेवर गेलो. कुणी तयारच नसायचं. ओले चौरंग बघितले नुसते. आणि जिथे सहा तास उशिरा गेलो, तिथे माझ्यासाठी माणसं थांबलेली."

अर्थात सर लगेच सुधारले नाहीत. पहिले काही महिने त्यांनी तिकडेही घंटा झाल्याबरोबर शिकवायला सुरुवात केली. वर्ग रिकामा असायचा. शाळेला जिनाच नव्हता, त्यामुळे कबुतरंही नव्हती. मुलं दोन-दोन कोसांवरून चालत येत. वाटेत नदीला पाणी आलं तर थांबत, कुणाची बकरी व्याली तर थांबत. सरांनी हेडमास्तरांकडे तक्रार केली. हेडमास्तर म्हणाले, "पोले पोले, मास्तर." म्हणजे हळूहळू, सावकाश. दर रविवारी फोनवर सर हे वहिनींना संतापून सांगायचे, "इथे जो तो आपला पोले पोले!" आणि वहिनी ते पोळे, म्हणजे घावनं, समजून मला कौतुकानं सांगायच्या, "थंय पोळे मिळतत म्हणतत. बरां झालां. खातले तरी पोटभर."

मग कधीतरी फोनवरचा तो संताप थांबला. नंतर रविवारचा फोन सोमवारी यायला लागला. एकदा बुधवारी आला. वहिनी घाबरल्या, म्हणाल्या, माणूस आजारी असणार.

दोन-अडीच वर्षांनी सर परत आले. थोडे जाड झाले होते आणि सरळ चालत होते. मी त्यांना माझ्या क्लासला गणित शिकवायची गळ घातली. "येईन की," म्हणाले. क्लास चारला. सर पाचला आले. दुसऱ्या दिवशी तेच. मग मी हुशारी केली, "सर, वेळ बदललीय, तीनची केलीय," असं सांगितलं. सर पाचला आले. दोनची सांगितली. पाचला आले. शेवटी माझ्या लक्षात आलं की मी काहीही सांगितलं तरी सर पाचलाच येणार, कारण येताना आमच्या गेटवर बसणाऱ्या रिटायर्ड पोस्टमन काकांबरोबर त्यांचा चहा असायचा आणि तो काकांच्या तब्येतीपासून सुरू होऊन त्यांच्या भाचीच्या सासरापर्यंत जायचा. मी क्लासच पाचचा केला.

रिक्षावाल्यांशीही तेच. मुलुंडमध्ये जवळचं भाडं म्हटलं की रिक्षावाला मान हलवून निघून जातो. आपण "स्टेशन?" एवढंच ओरडायचं असतं. सर आधी वाकून विचारायचे, "नमस्कार. कसे आहात? घरी सगळे बरे ना? गाव कुठलं?" रिक्षावाला एवढा गोंधळायचा की नाही म्हणायचं विसरून जायचा. एकानं तर माझ्यादेखत मीटर टाकता टाकता त्यांना विचारलं, "अंकल, आपण पहले मिले हैं क्या?"

शिकवण्यातही फरक पडला. आता वाक्य तुटत नव्हतं. एखाद्या मुलीला कळलं नाही तर सर तिच्या बाकाशेजारी बसत आणि तिला कळेपर्यंत उठत नसत. बाहेर पुढची बॅच उभी. आधी पालकांची तक्रार होती की सर उशिरा येतात. मग तक्रार सुरू झाली की पोरं उशिरा घरी येतात. तरी एकानंही मुलाला काढून घेतलं नाही.

मला वाटलं होतं वहिनी खूश असतील. कुकरची शिट्टी मोजणारं कुणी उरलं नव्हतं. पण वहिनी पेटल्या होत्या. डॉक्टरची वेळ घेतली की त्या तयार होऊन दारात, आणि सर गॅलरीत बसून खालच्या कुत्र्याशी बोलतायत.

"ह्या माणसान माका जन्मभर धावडवल्यान," त्या मला म्हणाल्या. "आता माका सवय लागली, तर हो आपण बसान ऱ्हवलो! माका इचारल्यान तरी?"

मला हसू आलं, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मग मी हसले नाही. खरंच, कुणी विचारलं होतं त्यांना?

अशात त्यांच्या मुलीचं, प्राजक्ताचं लग्न ठरलं. मुलगा बोरिवलीचा, अंधेरीला तिच्याच ऑफिसात काम करणारा. मुहूर्त दुपारी साडेबाराचा, हॉल मुलुंडला. वहिनींनी पहाटेपासून सगळ्यांना पळवलं. बाराला आमच्या बाजूची झाडून सगळी माणसं खुर्च्यांवर, नवरी तयार, भटजी तयार, अंतरपाट घडी घालून तयार. नवरदेवाकडचं मात्र कुणीही नाही. त्यांची बस पवईला अडकली होती. पुढे एक कंटेनर रस्त्यात आडवा झाला होता आणि मागे-पुढे कुठेच सरकायला जागा नव्हती.

साडेबारा झाले. टळले. भटजी पंचांगात डोकं घालून बसले. हॉलचा मॅनेजर येऊन म्हणाला, "सर, प्रॉब्लेम होणार हां. चारला पुढची पार्टी आहे. डेकोरेशनवाले खाली येऊन उभे राहिलेत." वहिनी नवरीच्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसल्या. प्राजक्ता त्यांना समजावत होती, "आई, ट्रॅफिक आहे गं, त्यात कुणाची काय चूक?" वहिनी वळेचनात.

सर आत आले. मी तिथेच होते. सर वहिनींच्या शेजारी खाली जमिनीवर बसले आणि त्यांनी ती आंब्याखालच्या सभेची गोष्ट सांगायला सुरुवात केली. मी थक्क झाले. मला वाटायचं वहिनींना ती केव्हाच माहीत असेल. त्यांना सहा तास उशिरा पोचल्याचं सरांनी कधी सांगितलंच नव्हतं. लाज वाटली असावी. सगळं सांगून झाल्यावर सर म्हणाले, "तेव्हा मला तू आठवलीस. गजरा माळत रस्त्यानं पळतेयस आणि मी पुढे. मी एकदाही थांबलो नाही गं."

वहिनी भिंतीकडेच बघत होत्या. मग म्हणाल्या, "आता सांगतास ह्या? मुहूर्त गेल्यावर?"

"मुहूर्त असताना तू ऐकलं असतंस?"

वहिनींनी पदरानं नाक पुसलं. "लोकां उपाशी आसत," त्या म्हणाल्या. "आधी तेंचां बघा."

सर उठले आणि बाहेर येऊन केटररला म्हणाले, "वाढायला घ्या." लग्न लागायच्या आधी जेवण! एक आत्याबाई तर "असं कुठं असतं का?" म्हणत उभ्याच राहिल्या. पण पंगत बसली आणि मसालेभाताचा वास सुटला तशा त्याही बसल्या. सर मॅनेजरपाशी गेले, "तुम्ही जेवलात का? सकाळपासून उभे आहात," म्हणाले आणि त्याला खांद्याला धरून पानावर बसवलं. त्यानं खालच्या डेकोरेशनवाल्यांनाही वर बोलावलं. हॉलमध्ये एवढी शांतता मी कुठल्याच लग्नात पाहिली नाही. कुणालाच कुठे जायचं नव्हतं.

दोन वाजून गेल्यावर बस आली. वाजंत्री नाही, काही नाही. माणसं घामेजलेली, नवरदेवाची टोपी हातात. सगळ्यात पुढे नवरदेवाचे वडील, पालव. आणि इथे एक गोष्ट सांगायला हवी. हे पालव सरांचे जुने विद्यार्थी होते. सोयरीक जुळवायला बसले तेव्हा ओळख पटली होती. फेटा बांधलेला, पन्नाशी उलटलेला, बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेला तो माणूस हॉलच्या दारात आला आणि सरांना समोर बघून उंबऱ्याबाहेरच थांबला. मागचं अख्खं वऱ्हाड त्याच्या पाठीवर आदळलं. पालवांनी उजवा हात थोडा पुढे केला आणि बारीक आवाजात विचारलं,

"सर, आत येऊ?"

मग आमच्या शाळेची जी जुनी मुलं जेवायला बसली होती, ती पानांवरच फुटली. हसता हसता एकाला ठसका लागला. सर पुढे गेले, त्यांनी पालवांचे दोन्ही हात धरले.

"ये रे ये. वर्ग तुझ्यासाठीच थांबलाय."

आणि पालव, एवढा मोठा माणूस, रडायलाच लागला.

भटजींनी तोवर एक बरी वेळ शोधून काढली होती. मंगलाष्टकं झाली. शेवटच्या अष्टकाला अक्षता टाकायला मॅनेजरही होता आणि डेकोरेशनवालेही. चारच्या पार्टीची फुलं लावायला मग आमच्याकडच्या पोरांनी हात लावला. सासरी जाताना प्राजक्ता बसमध्ये चढली, तेव्हा वहिनी खाली रस्त्यावर तिचा हात धरून उभ्या होत्या. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. वहिनींनी मान वर करून त्याला सांगितलं, "वाजव रे वाजव. माका खंय घाई आसा?"

पुढच्या वर्षी टांझानियाच्या शाळेतून पुन्हा बोलावणं आलं. सर म्हणाले, एकटा जाणार नाही. वहिनी म्हणाल्या, मी थंय काय करू, माका भाषा येना. आठ दिवस घरात हा वाद चालला आणि नवव्या दिवशी वहिनी माझ्याकडे विमानात लोणचं नेता येतं का, ते विचारायला आल्या.

दोघांना तिकडे जाऊन आता सहाएक महिने झाले. परवा नवीन बॅचची जुळवाजुळव करताना मला सरांची आठवण झाली. जूनला येतायत की नाही, हे विचारायला मी फोन लावला. क्लास सुरू व्हायची वेळ होत आली होती, म्हटलं दोन मिनिटांत विचारून घेऊ. फोन वहिनींनी उचलला.

"वहिनी, कशा आहात? परत कधी येताय? मला नवीन बॅच..."

"येऊ गो. तू बरी मा? पोरां बरी?" आवाज असा सैल, मऊ, की मला आधी ओळखूच येईना. "थांब हां जरा, मासळीवालो इलो. तळ्यातलो मासो हाडता, बघूक व्हयो."

त्यांनी फोन कुठेतरी ठेवला. मला सायकलची घंटी ऐकू आली. मग वहिनींचा आवाज, अस्सल मालवणीत: ह्यो शिळो आसा, माका फसवतंस? त्यावर एका पुरुषाचा आवाज, त्याच्या भाषेत, तितकाच ठासून. मग पुन्हा वहिनी. दोघांना एकमेकांचं एक अक्षर कळत नसणार, पण भाव चालला होता, आणि मधूनच दोघं खो खो हसत होती. मागून सरांचा आवाज आला, "अगं, फोनवर कोण आहे?" वहिनी म्हणाल्या, "आसा ती. थांबतली."

इकडे माझी मुलं दारात येऊन उभी राहिली होती. एकीनं विचारलं, "टीचर, सुरू करायचं?"

मी तिला हातानंच बसायची खूण केली आणि फोन कानाला तसाच धरून खुर्चीत मागे टेकले.